दोन सुतांचा एक फूट : ओ मापाची छोटी रेल्वे आणि विदर्भाची शकुंतला

यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वे आता धावत नाही. अडीच फूट रुंदीचे तिचे रूळ बऱ्याच ठिकाणी गवतात आहेत, काही ठिकाणी रस्त्याच्या डांबराखाली गेले आहेत. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद मार्ग जिल्ह्यात शिरला आहे. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा ते कळंब या टप्प्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. जुनी रेल्वे मिटत असताना आणि नवी येत असताना यवतमाळच्या माणसाने छोट्या रेल्वेच्या छंदाकडे कसे पाहावे, याचा हा आढावा. माझा मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. हा छंद म्हणजे परदेशी खोके उघडून गाडी गोल फिरवणे, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती सोडली, तर ओ मापातली शकुंतला घरी बांधणे शक्य आहे, परवडणारे आहे आणि विदर्भाच्या रेल्वे-इतिहासासाठी आज निकडीचे आहे.

आधी ओ म्हणजे काय ते पाहू. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रेल्वेसाठी रुळांची ठराविक मापे मांडली आणि त्यांना क्रमांक दिले. तोवर प्रत्येक कारागिराची गाडी फक्त त्याच्याच रुळांवर चालत असे. एक, दोन, तीन या मापांपेक्षा लहान गाडी बनू लागली तेव्हा तिला शून्य क्रमांक मिळाला आणि बोलण्यात त्या शून्याचा ओ झाला. या मापात दोन रुळांमधले अंतर 32 मिलिमीटर असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरगुती रेल्वे म्हटली की हेच माप. अमेरिकेत 1900 साली सुरू झालेल्या लायोनेलने मधोमध तिसरा रूळ टाकून विजेवरच्या गाड्या घरोघरी नेल्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने 1920 पासून किल्लीच्या पत्र्याच्या गाड्या काढल्या. नॉर्थॅम्प्टनची बॅसेट-लोक कंपनी श्रीमंत हौशी लोकांसाठी अचूक प्रतिकृती पुरवत असे.

या इतिहासात एक मराठी घराणे ठळकपणे येते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मोठ्या मेजावर चांदीची एक छोटी रेल्वे आहे. तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती 1906 च्या सुमारास बॅसेट-लोककडून करवून घेतली. पाहुण्यांसमोर सिगार आणि मद्य घेऊन ती फिरे. कुणी सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. हे शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. माधवरावांना खऱ्या रेल्वेचेही वेड होते, ग्वाल्हेर संस्थानाची दोन फुटी रेल्वे त्यांच्याच काळात वाढली. पण चांदीच्या गाडीने आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसवली. छोटी रेल्वे हा राजेरजवाड्यांचा शौक, सामान्य घराने तो पाहावा, करू नये. ही समजूत आजही जात नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपातली घरे लहान झाली आणि ओ मागे पडला. हॉर्नबीने 1938 मध्ये डब्लो नावाने साधारण निम्म्या आकाराच्या गाड्या आणल्या. पुढे त्याच्याच जवळचे एचओ माप, म्हणजे 1:87 प्रमाण आणि 16.5 मिलिमीटरचे रूळ, जगभर पसरले. हॉर्नबीच्या ओ गाड्या 1960 च्या दशकात बंद झाल्या. तरी ब्रिटनमध्ये 1956 साली ओ मापाच्या हौशी मंडळींनी आपला संघ काढला आणि तो आजही जोरात आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या कंपन्यांनी ओ मापातली तयार इंजिने आणि मालडबे पुन्हा बाजारात आणले आहेत. कारण सरळ आहे. ओ मापातल्या गाडीला वजन असते. सांध्यावरून ती जाते तेव्हा चाकाचा आवाज ऐकू येतो, दाराची कडी डोळ्यांना दिसते, चाळिशीनंतरच्या बोटांना काम करता येते.

महाराष्ट्रात या छंदाचे घर म्हणजे पुण्यातले कोथरूडचे जोशी रेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या वेडातून ते उभे राहिले आणि 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. तिथे एका दालनात अख्खे शहर आहे. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत सगळे धावते, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, दिवस मावळून दिवे लागतात. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना छोटी रेल्वे म्हणजे काय, हे या दालनाने दाखवले. त्या ऋणाची जाण ठेवूनच पुढचे लिहितो. तिथले माप एचओ आहे आणि गाड्या बहुतांशी युरोपच्या ढंगाच्या आहेत. तयार मिळतात त्या तशाच, त्यामुळे यात दोष कुणाचा नाही. पण विदर्भातला मुलगा तिथून परत येतो तेव्हा आपल्या गावाची गाडी अशी करता येईल, हा विचार घेऊन येत नाही. हा विचार रुजवणे हे पुढचे काम आहे.

आता आकडेमोड, कारण सगळा प्रश्न तिच्यात अडकला आहे. जगातले बहुतेक छोटे रूळ युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर रुंदीच्या मार्गांसाठी काढलेले आहेत. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. एचओ प्रमाणात तिच्यासाठी 19 मिलिमीटरहून थोडे रुंद रूळ हवेत, मिळतात 16.5 चे. म्हणून भारतीय डबा एचओ रुळांवर ठेवला की अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. ओ मापात तीन वेगवेगळी प्रमाणे चालतात. ब्रिटन 1:43.5, युरोप खंड 1:45 आणि अमेरिका 1:48. ब्रिटिश प्रमाणाने 32 मिलिमीटरचे रूळ खऱ्या 1392 मिलिमीटरएवढे होतात, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा 284 ने कमी. अमेरिकी 1:48 ने तेच रूळ 1536 मिलिमीटर होतात, म्हणजे फरक निम्म्यावर येतो. अमेरिकेतल्या काटेकोर लोकांची तक्रार असते की या प्रमाणात त्यांचे रूळ जास्त रुंद दिसतात. तोच त्यांचा दोष आपल्या उपयोगाचा.

नॅरोगेजला तर हे प्रमाण फारच जमते. शकुंतलेची रुंदी 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. 1:48 ने तिचे होतात 15.9 मिलिमीटर आणि एचओचे रूळ आहेत 16.5 चे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा हा फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणजे गाडी, माणसे, स्टेशन ओ मापातले आणि रूळ, मोटर, चाके एचओची. अमेरिकेत या जोडीला ऑन-थर्टी म्हणतात आणि 1998 मध्ये बाकमन कंपनीने त्यात तयार गाड्या काढल्यापासून ती खूप पसरली. युरोपातल्या 1:45 ने फरक आणखी किंचित कमी होतो. तरीही मी 1:48 चाच आग्रह धरीन आणि त्याचे कारण आपल्या सुताराच्या पट्टीत आहे. आपल्याकडे सुतार आणि वेल्डिंगवाले आजही सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. 1:48 मध्ये खऱ्या एका फुटाला पाव इंच, म्हणजे बरोबर दोन सूत. सहा इंच म्हणजे एक सूत. शकुंतला फूट-इंचात बांधली गेली, तिची मापे फूट-इंचात सहज बसतात. दारव्ह्याच्या किंवा पांढरकवड्याच्या कुठल्याही सुताराला दहा फुटांची भिंत वीस सुतांत काढून दे म्हटले, तर त्याला गणकयंत्र लागत नाही. साडेपाच फुटांचा माणूस अकरा सुतांचा. परक्या देशातून आलेले एखादे प्रमाण आपल्या कारागिराच्या हातात इतके चपखल बसावे, असे क्वचितच होते.

आता ज्या गाडीसाठी एवढा खटाटोप, तिच्याविषयी. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे फाटे घातले गेले. यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर 76, आणि वर्धा जिल्ह्यात पुलगाव-आर्वी. किलिक निक्सन कंपनीच्या छत्राखालची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही त्यांची मालक. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, हे फाटे मात्र खासगी मालकीचे राहिले आणि सरकारी रेल्वे ते कराराने चालवत राहिली. 1921 मध्ये मँचेस्टरमध्ये बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन 1923 पासून इथे धावले आणि सत्तर वर्षांनी, 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. मग डिझेल आले. शेवटच्या काळात रूळ इतके थकले होते की वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास बांधलेला होता. गाडीवरची मोजकी माणसेच तिकीट काढण्यापासून इंजिन सोडण्यापर्यंत सगळी कामे उरकत. लिव्हरपूलची छाप असलेले सिग्नल शेवटपर्यंत जागेवर होते. गेल्या दशकात यवतमाळची गाडी थांबली. ती वाचवा, रुंद करा, या मागण्या दोन्ही बाजूंनी झाल्या आणि होत आहेत.

गरीब माणसाची गाडी म्हणून तिच्यावर पुष्कळ हळवे लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे खरे आहे. पण त्या लिखाणात दाराची रुंदी नाही, फलाटाची उंची नाही, डब्याच्या खिडक्या किती होत्या हे नाही, मूर्तिजापूरला नॅरोगेजचा मालडबा ब्रॉडगेजच्या डब्याशेजारी कसा लागत असे आणि हमाल रुईच्या गाठी कशा पलीकडे टाकत हे नाही. प्रतिकृती बांधायला बसले की नेमके हेच प्रश्न पडतात. म्हणून मी या छंदाला इतिहासलेखनाची एक शाखा मानतो.

तुलनेसाठी एक उदाहरण फार बोलके आहे. आपली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरने सुरू केली, तीही अडीच फुटी. तिथला अनुभव घेऊन काल्थ्रॉपने इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा छोटा मार्ग बांधला. तो 1904 मध्ये सुरू झाला आणि 1934 मध्ये बंद पडला. अवघी तीस वर्षे. तरी तिथल्या हौशी लोकांनी त्याचे प्रत्येक इंजिन, प्रत्येक स्टेशन, दूध वाहणारा प्रत्येक डबा प्रतिकृतीत उतरवला आहे. आकृत्या छापल्या आहेत, जोडणीचे संच विकले आहेत. त्या मार्गाची जननी बार्शी लाइट, आणि तिची बहीण शोभावी अशी शतकभर धावलेली शकुंतला, यांची ओ मापातली तयार गाडी आज कुठल्याही दुकानात मिळत नाही. हा फरक पैशांचा नाही. तिथे लोकांनी वेळेत टेप लावून मापे घेतली.

बांधायचे कसे, याकडे वळू. सगळ्यात अवघड वाटणारा भाग म्हणजे इंजिनाचा सांगाडा, आणि तोच खरे तर सगळ्यात सोपा आहे. एचओचे एखादे लहान डिझेल किंवा वाफेचे इंजिन, जुने किंवा साधे, घ्यायचे. त्याचे वरचे कवच काढले की चाके, मोटर, गिअर असलेला चालता सांगाडा हातात येतो. त्यावर 1:48 चे कवच आपण चढवायचे. सुरुवात डिझेलपासून करावी. सपाट बाजू, चौकोनी केबिन. दीड-दोन मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट, धारदार कटर, लोखंडी पट्टी आणि काटकोन एवढ्यात काम होते. ज्यांच्या ओळखीत त्रिमितीय छपाईचे यंत्र आहे त्यांनी जाळ्या आणि दिवे छापून घ्यावेत, पण सगळे इंजिन छापून घेण्याचा मोह पहिल्याच वेळी धरू नये. हाताने कापलेल्या शीटवर जी नजर तयार होते ती पुढे आयुष्यभर पुरते. वाफेचे इंजिन नंतर. त्याच्या दांड्या आणि सिलिंडर पितळेत करायला सोल्डरिंगचा हात बसावा लागतो.

डबे मात्र पहिल्या दिवसापासून करता येतात आणि तेच करावेत. मालडबा म्हणजे एक पेटी, दोन बोगी, सरकते दार. हौशी लोक इंजिनाच्या मागे लागतात आणि डबे विकत घेतात. माझे मत उलटे आहे. शकुंतला डब्यांवरून ओळखू येते, कारण इंजिने बदलली, डबे आणि त्यांतली गर्दी तीच राहिली.

रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी यवतमाळ जिल्ह्याएवढी सोय दुसरीकडे नाही. सागवानाच्या आरामशीत फेकून दिलेल्या पातळ पट्ट्या मिळतात. त्यांच्या एक सूत जाडीच्या काड्या कापल्या, वर्षभर उन्हात राहिल्यासारखा करडा रंग दिला की झाले. तयार एचओ रुळांचे स्लीपर नॅरोगेजसाठी फार जवळजवळ असतात. ते कापून निम्मे काढून टाकायचे आणि मध्ये या सागाच्या काड्या सरकवायच्या. रूळ पितळी घेऊ नयेत, ते लवकर काळे पडतात. भांड्यांच्या दुकानात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्या मिश्रधातूचे घ्यावेत.

गिट्टीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण इथे बरेच जण फसतात. रुळांखालची पन्नास मिलिमीटरची खडी 1:48 ने एक मिलिमीटरची होते. क्रशरवरची चुरी रव्याच्या चाळणीने चाळली की अगदी तीच मिळते, तीही ज्या बेसाल्ट दगडाची खरी गिट्टी असते त्याच दगडाची. पण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. गाडीच्या मोटरमध्ये चुंबक असते, ते हे कण ओढून घेते, गिअर घासले जातात आणि मोटर बसते. म्हणून चुरी कागदावर पसरून जुन्या स्पीकरचे चुंबक तिच्यावरून पुन:पुन्हा फिरवावे आणि चुंबकाला काही चिकटेनासे झाले की मगच वापरावी. नंतर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने बसवावी, थेंबभर भांड्यांचा साबण घातला की तो नीट मुरतो. काळी माती जमीन म्हणून जाड थरात वापरू नये. शेतात ती उन्हाळ्यात भेगाळते तशीच पाटावरही भेगाळते. आधी रंग द्यावा आणि वर मलमलीतून गाळलेली माती भुरभुरावी. मुरूम चालतो, तो फुटत नाही. झाडांसाठी पऱ्हाटीची वाळलेली टोके उत्तम. उन्हाळ्यातले निष्पर्ण सागाचे रान दाखवायचे तर फांद्यांवर काहीच चिकटवावे लागत नाही. रुईच्या गाठींना गोणपाट गुंडाळू नये, त्याची वीण या मापात दोरखंडासारखी दिसते. जुन्या मलमलीचा तुकडा चहात बुडवून वापरावा.

चालवण्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते या जिल्ह्याच्या हवेतून येतात. मार्च ते जून इथले ऊन भल्याभल्यांची परीक्षा घेते. टिनाच्या छताखालच्या खोलीत हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. दहा मीटर रूळ या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर लांबतात. दर मीटरला अर्धा मिलिमीटर फट सोडली नाही तर रूळ वर उचलले जातात, खऱ्या रेल्वेत होते तसेच. पावसाळ्यात प्लाय फुगते. त्याच्या कडा आणि खालची बाजू आधीच रंगवून बंद करावी. कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडतात, जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना ते ठाऊक आहे. हे तंतू आसांना गुंडाळले जातात. महिन्यातून एकदा चिमट्याने ते काढावेत आणि काम नसेल तेव्हा सगळे चादरीने झाकून ठेवावे.

वीज नेहमी रुळांतूनच द्यावी असे नाही. पारंपरिक पद्धत 12 व्होल्ट डीसी रुळांतून देण्याची आहे आणि चार फुटांच्या पहिल्या पाटाला ती पुरते. पण धूळ, काळवंडलेले रूळ आणि मधूनमधून जाणारी वीज पाहता मी विदर्भासाठी बॅटरीची बाजू घेईन. तीन लिथियम सेल इंजिनामागच्या डब्यात लपवायचे, बिनतारी नियंत्रणाची छोटी चकती बसवायची आणि मोबाइलवरून गाडी चालवायची. रूळ घासत बसायला नको, सांध्यांच्या वायरिंगची डोकेदुखी नको. लिथियम सेल मात्र संरक्षक पट्टीशिवाय वापरू नयेत आणि चार्ज करताना खोली सोडू नये. परदेशातल्या नातेवाइकाने लायोनेलचा संच आणलाच, तर त्याचा ट्रान्स्फॉर्मर अमेरिकेच्या 120 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टमध्ये थेट खुपसला की जळतो. लहान मुलांसाठी लायोनेल छान आहे. मजबूत असतो, आवाज करतो. पण त्यातून विदर्भाची गाडी होत नाही, तो रस्ता वेगळा.

जागेचे भय बहुतेकांना वाटते. ओ मापाच्या मोठ्या गाड्यांना दीड-दोन मीटर त्रिज्येची वळणे लागतात, ते खरे आहे. ऑन-थर्टीला अठरा इंचांची त्रिज्या पुरते, म्हणजे आठ बाय चारच्या एका प्लायवर गोल फेरा बसतो. तरीही गोल फेरा करू नका, असे मी सांगेन. खरी गाडी एका गावाहून निघून दुसऱ्या गावाला पोहोचत असे. भिंतीलगत सव्वा फूट रुंदीची फळी टाकावी, एका टोकाला यवतमाळ, मध्ये दारव्हा मोतीबाग, दुसऱ्या टोकाला मूर्तिजापूर. सगळा मार्ग प्रमाणात बांधायचा तर 2.35 किलोमीटर लागतील. म्हणून तीन जागा निवडायच्या आणि मधली अंतरे गाळायची. मूर्तिजापूरला मागच्या कडेला 32 मिलिमीटरच्या रुळांचा एक तुकडा ठेवावा आणि त्यावर ब्रॉडगेजचा एक मालडबा उभा करावा. दोन्ही मापे 1:48 मध्ये शेजारीशेजारी आली की नॅरोगेज किती लहान होती ते सांगावे लागत नाही.

आणि वेग. या छंदात सर्वांत जास्त बिघाड इथे होतो. ताशी वीस किलोमीटर म्हणजे 1:48 मध्ये सेकंदाला साडेअकरा सेंटिमीटर. एक मीटर पार करायला गाडीने साडेआठ सेकंद घेतले पाहिजेत. पाहणाऱ्याला आधी ती फार हळू वाटते, थोड्या वेळाने तीच खरी वाटू लागते. मोटरला चांगले गिअर असल्याशिवाय हा वेग सांभाळता येत नाही, म्हणून सांगाडा निवडताना दिसण्यापेक्षा हळू चालण्याला गुण द्यावेत. एकाच गाडीचे वेळापत्रक लिहावे. सकाळी यवतमाळ सोडले, दारव्ह्याला दोन मालडबे जोडले, मूर्तिजापूरला इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला नेले. दोन माणसांना तासभर पुरेल एवढे हे काम आहे आणि त्यात शर्यत लावण्यापेक्षा कितीतरी जास्त डोके लागते.

पैशांचे म्हणाल तर ब्रिटिश ओ मापातले तयार इंजिन काही शे पौंडांना पडते, त्यावर आयात शुल्क आणि टपाल. ते आपल्या पगारदार घराला झेपणारे नाही आणि झेपायची गरजही नाही. वर सांगितलेल्या मार्गाने एक एचओ सांगाडा आणि चार मीटर रूळ एवढेच बाहेरून आणावे लागते. बाकी सगळे यवतमाळच्या बाजारात आहे.

अभ्यासासाठी जवळची जागा नागपूर. मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 14 डिसेंबर 2002 रोजी सुरू झाले. तिथली बहुतेक इंजिने आणि डबे सातपुड्यातल्या अडीच फुटी मार्गांचे आहेत, शकुंतलेचे नव्हेत. पण रुंदी तीच, जोडणी, ब्रेक, बोगी यांचा घाट समजून घ्यायला त्याहून चांगली शाळा नाही. वही घेऊन जावे आणि डब्याखाली वाकून पाहावे. वरची रंगरंगोटी छायाचित्रांत मिळते, खालचे मिळत नाही.

यवतमाळात हे काम एकट्या माणसाने करू नये असे मला वाटते. शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. एखाद्या वर्गाने दरवर्षी शकुंतलेच्या एका स्टेशनाची मोजणी आणि प्रतिकृती हा प्रकल्प म्हणून घेतला, तर पाच वर्षांत मार्गाचा गाभा तयार होईल. सुतारकाम, सोल्डरिंग, आकृती काढणे, छोटी इलेक्ट्रॉनिक्स, सगळे त्यात येते. वर्धा-नांदेड मार्ग पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडकडे जाईल तसे जुन्या मार्गाचे उरलेसुरले अवशेष रस्ते, इमारती आणि भंगाराच्या लिलावांत आणखी वेगाने नाहीसे होतील.

म्हणून वाचकांना, विशेषतः दारव्हा, कारंजा आणि यवतमाळच्या वाचकांना, एक विनंती आहे. प्रतिकृती बांधायचा विचार नसला तरी चालेल. एक टेप, एक वही आणि मोबाइल घेऊन रेल्वेच्या परवानगीने जवळच्या जुन्या स्टेशनावर जा. दाराची उंची, खिडकीची रुंदी, भिंतीतल्या विटांचे थर, फलाटाच्या दगडाची उंची फूट-इंचात लिहून घ्या. प्रत्येक छायाचित्रात फूटपट्टी ठेवा. त्या मार्गावर काम केलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. डब्याचा आतला रंग कोणता होता, दिवा कुठे टांगत, गाठी किती उंच रचत, हे त्यांना विचारा आणि त्यांच्या शब्दांत उतरवा. त्या वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. बांधणारा उद्या येईल, मापे मात्र आजच घ्यावी लागतील.